वन्संची दोन बोटं

ठाणे, चैत्र वद्य ५, शके १८१७
(एप्रिल १८९५)

गं. भा. लक्ष्मीवन्सं यांस आवडाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र चुलीत घालायला निघाल्या असाल तर जरा थांबा. अक्षर तुमच्याच वळणाचं आहे. माझा हात धरून तुम्ही पाटीवर गिरवून घेतलं होतंत, आणि मी 'ण' उलटा काढला की हसून लोळायचात. नऊ वर्षांनी भावजयीचं पत्र येतं म्हणजे काहीतरी अडलेलं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. अडलं आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. वय बावन्न. त्यांचं बाजूला बसणं पाच वर्षांपूर्वी थांबलं होतं, ते गेल्या भाद्रपदापासून पुन्हा सुरू झालं. त्याला महिन्याचा नेमही नाही. कधी आठ दिवसांनी, कधी वीस. दुखत-खुपत काही नाही. लाल दिसलं की बाई मुकाट्यानं मागच्या पडवीत कांबळं टाकून बसतात, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येतात आणि हुश्श म्हणायच्या आत परत बाहेर. त्यांची सून जया, सतरा वर्षांची पोर, एकटी सगळा स्वयंपाक ओढते. शेजारच्या हौसाबाई तोंडाला पदर लावून हसतात आणि म्हणतात, बाईंना आत्ता कुठं तारुण्य आलं.

वैद्यबुवांना असलं काही सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यांना फक्त उजव्या कुशीतला गोळा सांगितला. त्यांनी वायगोळा म्हणून चूर्ण दिलं. चूर्ण खाऊन गोळ्यानंच बाळसं धरलं आहे.

तुम्ही कल्याणच्या धर्मादाय दवाखान्यात शुश्रूषा करता आणि विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली शस्त्रक्रियेला उभ्या राहता, असं कानावर आलं. म्हणून त्या बाईंसाठी विचारते आहे. काय करावं ते दोन ओळींत कळवावं.

तुमचे दादा खुशाल आहेत. कचेरीतून येतात, जेवतात, वर्तमानपत्र वाचतात. हे पत्र लिहिल्याचं त्यांना ठाऊक नाही.

आवडा


ठाणे, वैशाख शुद्ध ३

लक्ष्मीवन्संना नमस्कार.

दोन ओळी मागितल्या तर तुम्ही खरंच दोनच ओळी पाठवल्यात. "रक्त आपलं आपण येतं, की फक्त लघवीबरोबर, हे पांढऱ्या भांड्यात नीट पाहावं. आणि वहिनी, त्या बाई तुम्हीच ना?"

मीच. झालं समाधान?

पांढरं भांडं आमच्या घरात एकच. साहेब कधी घरी आला तर त्याला चहा द्यायला म्हणून तुमच्या दादांनी हौसेनं आणलेली चिनी मातीची वाटी. साहेब काही आला नाही, आणि आता आला तरी त्या वाटीतून चहा देता यायचा नाही. पण तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन दिवस पाहिलं. रक्त फक्त लघवीत आहे, एरवी कापड कोरडं ठाक. आठ महिने, वन्सं! आठ महिने मी लघवीतल्या रक्ताचा विटाळ पाळला. नवरात्रात देवीपुढं गेले नाही, संक्रांतीला कुणाला कुंकू लावलं नाही, जयाच्या डोहाळजेवणाला खिडकीतून बघत बसले. रोग आत पाय पसरत होता आणि मी त्याच्यासाठी कांबळं अंथरत होते. आधी हसू आलं, मग मोरीत बसून रडले.

ज्या पडवीत मी हे आठ महिने काढले तिथंच नऊ वर्षांपूर्वी त्या भाऊबिजेला तुमचं पान मांडलं होतं. दवाखान्यात सतरा जातींच्या अंगांना हात लावता म्हणून तुम्हाला वरून पाणी वाढलं होतं. तुम्ही जेवलात, स्वतःचं पान उचललंत, जागा सारवलीत आणि भावाला न भेटता गेलात. त्यात माझा काय इलाज होता? दादांचं तसं म्हणणं होतं, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

असो. तुम्ही बोलावलंत म्हणून येते. दुखण्याचं काल त्यांच्या कानावर घातलं. एकही प्रश्न न विचारता त्यांनी रजेचा अर्ज लिहायला घेतला. दवाखाना कोणता, तिथं कोण आहे, हे सांगितल्यावर मात्र टाक दौतीत तसाच राहिला. मग म्हणाले, "ती तुला हात तरी लावील का, विचार." मी म्हटलं, हात तीच लावणार आहे. त्यावर त्यांनी टाक उचलून अर्ज पुरा केला.

पिण्याचं पाणी मी घरून आणणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आवडा


कल्याण, दवाखान्यात, ज्येष्ठ शुद्ध ७, दुपार

वन्सं,

तुम्ही माझ्यापासून दहा हातांवर कपाटात कापडाच्या घड्या रचत आहात आणि मी भिंतीकडे तोंड करून हे लिहिते आहे. तोंडानं बोलवत नाही, काय करू?

आज गुरुदत्त डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मूत्रपिंडं दोन असतात म्हणे. बावन्न वर्षं मी दोन-दोन घेऊन फिरते आहे, पण मला कुणी सांगितलं नाही. उजव्यात गाठ झाली आहे आणि ती मूत्रपिंडासकट काढायची आहे. उरलेल्या एकावर माणूस जगतं. मी विचारलं, आणि नाही काढली तर? ते म्हणाले, वर्ष. काढताना काय होईल, असं विचारलं तर खरं बोलले बिचारे. "तिघांतले दोघं उठतात, आवडाबाई." त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही. पोरगेलासा माणूस, पण गोड थाप मारत नाही.

परपुरुष अंगाला हात लावणार, ह्या विचारानं आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण त्यांनी तपासायच्या आधी तुम्ही माझ्यावर चादर घातलीत, नेमकी तेवढीच जागा उघडी ठेवलीत आणि माझ्या तोंडापाशी बसून माझ्या लेकीच्या, हेमाच्या मुलांची चौकशी करत राहिलात. कधी तपासून झालं ते कळलंही नाही. हेमाला मुलं किती, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणजे तुम्ही नऊ वर्षं आमची विचारपूस ठेवून होतात. आणि हो, माझ्या तांब्यातलं पाणी तुम्ही काल काही न बोलता उकळून आणलंत. उकळलेलं पाणी तुमच्या हातचं झालं, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. मी प्याले.

पण मला लिहायचं आहे ते हे नाही. सकाळी तुमचे दादा संमतीच्या कागदावर सही करायला आले, तेव्हा मी पाहत होते. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "त्यांना सांगा, इथं सही करावी." ते डॉक्टरांना म्हणाले, "बाईंना विचारा, घरून काय काय आणावं लागेल." डॉक्टर बिचारे मध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. दोघांचं नाक एक, हट्ट एक. तुम्हाला वाटतं त्यांनी तुम्हाला तोडलं. त्यांना वाटतं तुम्ही त्यांना तोडलंत. आणि खरं काय ते ह्या जगात एका माणसाला ठाऊक आहे. ते माणूस उद्या टेबलावर पडणार आहे, आणि तिघांतले दोघंच उठतात.

वन्सं, त्या भाऊबिजेच्या दिवशी मी

नाही लिहवत. हे उशीखाली ठेवते. धीर आला तर संध्याकाळी तुमच्या हातात देईन.


ठाणे, श्रावण शुद्ध १०

लक्ष्मीवन्संना आवडाचा साष्टांग नमस्कार. वयानं मी मोठी आहे म्हणून कुणी नावं ठेवतील, ठेवू देत.

घरी येऊन महिना झाला. काठी सुटली. काल कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन आले. लघवी स्वच्छ आहे, सांगायला लाज वाटत नाही. वाटी सांभाळून ठेवली आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर आठवड्याला पाहते. जयाला पंधरवड्यापूर्वी मुलगी झाली. मी स्वतः तिला न्हाऊ घातलं, दोन्ही हातांनी. हे दिवस मला कुणाच्या कृपेनं मिळाले ते मला पुरतं ठाऊक आहे, तुम्ही लपवलंत तरी.

होय, लपवलंत! मी शुद्धीवर आले, हात-हत्यारं धुवायच्या कार्बोलिकचा उग्र वास येत होता आणि तुम्ही ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसत होतात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "सगळं नीट झालं, झोपा." तेवढंच. पुढं दहा-बारा दिवस रोज विचारलं तरी तेवढंच. मग टाके काढायच्या दिवशी तुम्ही हत्यारं उकळायला गेलात आणि डॉक्टर मला म्हणाले, "नणंदेनं सांगितलं का तुम्हाला, त्या दिवशी काय झालं ते?"

मी म्हटलं, ती कसली सांगते! नीट झालं म्हणते.

"नीट होणार नव्हतं, आवडाबाई." मग त्यांनी पाटावर खडूनं काढून दाखवलं. मूत्रपिंडातून एक शीर निघते आणि ती पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेला मिळते. तिच्यातून सगळं रक्त वर काळजाकडं जातं. माझी गाठ मूत्रपिंडात मावली नव्हती. ती त्या लहान शिरेच्या आत शिरून, बोटभर वाढून, मोठ्या शिरेच्या तोंडाशी डोकं काढून बसली होती. हे पोट उघडल्यावर त्यांच्या बोटांना लागलं. नेहमीसारखी शीर बांधून कापली असती तर दोऱ्यानं ते टोक आतल्या आत तुटलं असतं, वाहत काळजात गेलं असतं, आणि मी टेबलावरच संपले असते. तिथंच सोडून पोट शिवून टाकावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं.

"असं करताना मी विलायतेतही कुणाला पाहिलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "शीर उभी चिरून ते टोक अख्खं ओढून काढायचं, तर तोवर मोठ्या शिरेचं तोंड कुणीतरी दाबून धरायला हवं. चिमटा लावावा तर शीर फाटायची. माझे दोन्ही हात अडकलेले. कंपाउंडर क्लोरोफॉर्म देत होता. मी म्हटलं, लक्ष्मीबाई, हात घाला आत."

आणि तुम्ही घातलात. दोन बोटांच्या चिमटीत माझी ती शीर धरलीत. टोक निघून शीर बांधून होईपर्यंत चार मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, "फार जोर लावला असता तर शीर फाटली असती, ढिली सोडली असती तर रक्तात काही दिसलं नसतं. त्यांची बोटं जराही हलली नाहीत. बाहेर काढल्यावर मात्र अर्धा तास त्यांना कप धरता येईना."

वन्सं, मी ते ऐकलं आणि तुम्ही उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन आत आलात. कार्बोलिकनं सोललेली, भेगाळलेली तुमची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. ज्या हातांवर मी वरून पाणी ओतलं होतं, त्या हातांनी माझं रक्त थोपवलं. तुम्हाला वाटलं असेल, टाके दुखताहेत म्हणून डोळ्यांत पाणी आलं. टाके मुळीच दुखत नव्हते.

परवा हौसाबाई बाळंतिणीला बघायला आल्या आणि विचारू लागल्या, दवाखान्यात कोण कोण हात लावतं, मग घरी आल्यावर शुद्धीचं काही केलंत की नाही? मी म्हटलं, हौसाबाई, आमच्या वन्सं माझ्या पोटात मनगटापर्यंत जाऊन आल्या आहेत, मला आता विटाळ शिकवू नका, आणि तुम्हाला कधी असं अवेळी लाल दिसलं तर आधी पांढऱ्या वाटीत बघा आणि मग बाहेर बसा. त्यांचा चहा तसाच राहिला. गल्लीत आता माझं नाव 'वाटीवाल्या आवडाबाई' पडलं आहे. पडू दे.

डॉक्टरांनी निघताना आणखी एक सांगितलं. मुळासकट आलंय असं वाटतं, पण शिरेतून आधीच काही पुढं निसटलं असेल तर ते आज कुणालाच दिसणार नाही. एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं, सांगता येत नाही. जे मिळतील ते उसने नाहीत, माझे आहेत, आणि मी रोज सकाळी उठून तुमचं नाव घेते. देवाचं नंतर.

उशीखालचं पत्र तुम्हाला दिलं नाही. ते माझ्या पेटीत आहे.

आवडा


ठाणे, कार्तिक शुद्ध २, भाऊबीज, पहाटे

वन्सं,

हे पत्र टपालानं नाही, माणसाच्या हाती येतं आहे. सोबत ज्येष्ठातलं अर्धं पत्र जोडलं आहे. जिथं ते तुटलं तिथून पुढं लिहिते.

त्या भाऊबिजेच्या दिवशी तुमचे दादा कचेरीतून लवकर यायचे होते. सकाळी जाताना मला म्हणाले होते, "लक्ष्मी येईल. तिचा पाट माझ्या शेजारी मांड. दवाखान्यातून येते म्हणून कुणी काही बोललं तर मला सांग." हे त्यांचे शब्द. पडवीत पान मांडलं ते मी, आपल्या मनानं. हेमाला बघायला दुसऱ्या दिवशी पनवेलचे पाहुणे येणार होते आणि शेजारीपाजारी काय म्हणतील ह्याची मला धास्ती होती. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी सांगायला मला नऊ वर्षं लागली. मला तुमचा हेवा वाटायचा. दादा तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, तुमचं मत विचारायचे. मला विचारायचे, मीठ कमी का. मला अक्षरओळख तुम्ही करून दिलीत, माझ्या जन्मात कुणी मला एवढं मोठं काही दिलं नव्हतं, आणि तरी हेवा वाटायचा.

तुम्ही विचारलंत, "वहिनी, पान बाहेर का?" मी म्हटलं, तुमच्या दादांनी सांगितलंय. ते घरी आले, रिकामा पाट पाहून म्हणाले, "लक्ष्मी?" मी म्हटलं, आल्या आणि गेल्या, म्हणाल्या की आता ह्या घराशी माझा संबंध नाही.

दोन वाक्यं. एक तुम्हाला, एक त्यांना. बस, एवढंच मी केलं.

दरवर्षी भाऊबिजेला ते कचेरीतून लवकर येतात आणि कारण न सांगता ओटीवर बसून राहतात. आणि तुमचं? तुमच्या दवाखान्यातल्या आयाबाई, गंगुबाई, माझे पाय चेपता चेपता सहज बोलून गेल्या, "आमच्या लक्ष्मीबाईंना भाऊ नाही. भाऊबिजेला ओट्यावर जाऊन चंद्राला ओवाळतात." मी त्यांना म्हटलं, पुरे, पाय दुखत नाहीत आता.

काल पाडवा. मी त्यांना ओवाळलं. त्यांनी लुगडं आणलं होतं, डाळिंबी रंगाचं, म्हणाले, पुनर्जन्माचं आहे, नेस. मी ते घेतलं नाही. म्हटलं, आधी ऐका, मग द्यायचं की नाही ते ठरवा. आणि उभ्या उभ्या, आरतीचं ताट हातात धरून, सगळं सांगितलं. ताट खाली ठेवलं असतं तर धीर गेला असता.

त्यांनी लुगडं पाटावर ठेवलं, पगडी घातली आणि तलावपाळीकडे निघून गेले. दिवेलागणीला आले. जेवले नाहीत. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नऊ वर्षं तिला वाटत होतं, मी..." आणि ओटीवर जाऊन बसले. तिथूनच विचारलं, "कल्याणला पहिली गाडी किती वाजता?"

मला क्षमा करा असं मी लिहीत नाही. मागितली की द्यायची तुम्हाला सवय आहे, आणि इतक्या स्वस्तात ती मला नको. ते माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलतील, ते त्यांनी ठरवावं. तुम्ही माझं तोंड बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला जगायला दिलंत त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे, मग तो जन्म सहा महिन्यांचा निघो की वीस वर्षांचा. पण नुसतं जगून काय करणार होते? तुमची बोटं माझ्या पोटात होती आणि माझं खोटं त्यांच्यापासून वीतभरही लांब नव्हतं. डॉक्टरांनी गाठ काढली, हे तेवढं मलाच काढायचं होतं.

विधवेनं ओवाळू नये, हे तुम्हाला ऐकवणारीही मीच होते. ते विसरा.

पत्र पोचवायला कोण येतं आहे ते तुम्ही दार उघडलंत तेव्हाच पाहिलं असेल. "आधी वाच," एवढंच म्हणून ते अंगणात उन्हात जाऊन उभे राहिले असतील. मी ओळखते त्यांना, तुम्ही हाक मारेपर्यंत पायरी चढणार नाहीत. पुरे झालं वाचणं, वन्सं. उठा, निरांजन लावा.

आवडा